बॉक्सिंग क्लब काढताय? वजनकाट्यापाशी स्वतः उभे राहा

रिंगला खर्च किती, बॅगा कुठून आणायच्या, पोरं कशी टिकवायची, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मी सांगणार आहे ते सेटिंगबद्दल, म्हणजे निकाल आधीच ठरवून घेण्याबद्दल. पोरं घडवण्यात माझं आयुष्य गेलं आणि आता उतारवयात सगळ्यात जास्त झगडावं लागतंय ते याच एका गोष्टीशी.

नव्या कोचला वाटतं, सेटिंग म्हणजे सट्टा आणि नोटांची पाकिटं. आपल्या स्पर्धांवर कोण सट्टा लावतो? इथे किंमत असते प्रमाणपत्राला. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्यामुळे समोरचा माणूस पैसे घेऊन येत नाही, शब्द टाकायला येतो.

तो येतो वजनाच्या सकाळी, म्हणजे पोरगं आपल्या वजनगटात बसतं का हे काट्यावर बघतात तेव्हा. पोरं रात्रभर उपाशी, तोंडाला कोरड, चड्डीवर रांगेत उभी. तुम्हाला टपरीवर चहाला नेतात. "मास्तर, आमच्या पोराचं शेवटचं वर्ष आहे. तुमचा लहान आहे, त्याला पुढे खूप चान्स. एवढं सांभाळून घ्या, पुढच्या वेळी आम्ही बघू." तुम्ही नाही म्हणून परत येता, तोवर कुणीतरी तुमच्या पोराच्या हातात पाण्याची बाटली दिलेली असते. "पी रे, वजन आत आहे तुझं." पोरगं तहानलेलं, घटाघटा पितं. अर्धा लिटर पाणी म्हणजे काट्यावर अर्धा किलो. कागदावर नोंद होते, 'वजनात बाद'. बाउट, म्हणजे लढत, झालीच नाही, मग दाद कशावर मागणार? रिंगमधला खोटा निकाल निदान चार लोक बघतात. हा कुणालाच दिसत नाही. माझ्या पोराच्या बाबतीत हे घडलंय आणि त्याचा त्या वेळचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून पाणी तुमच्याच पिशवीतलं, काटा आधी तपासलेला, आणि आकडा लिहून होईपर्यंत पोराजवळून हलायचं नाही. चहा नंतर प्या.

वरच्या पातळीवरही असंच चालतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या बॉक्सिंगच्या चौकशीचा मॅक्लारेन अहवाल २०२१ मध्ये आला. लढती पैशासाठी तर फिरवल्या गेल्याच, पण ज्या संघटनांनी पाठबळ दिलं त्यांचे उपकार फेडण्यासाठीही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. रिओतल्या सगळ्या ३६ पंचांना टोकियोत उभं केलं नाही. १९८८ ला सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६ ठोसे लावले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, आणि पाच जजचा निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने. ते सुवर्ण पार्कलाही आयुष्यभर सलत राहिलं. शेवटी त्याने ते स्वतः जोन्सच्या हाती दिलं. जो पालक "जिंकवा कसंही" म्हणतो, त्याला मी हे आवर्जून सांगतो.

नाही म्हटल्याची किंमत मोजावी लागते, हे लपवत नाही. आमच्या पोरांच्या अटीतटीच्या बाउट विरुद्ध जायला लागल्या, काही पालकांनी पोरं दुसरीकडे नेली. "सरांची वर ओळख नाही," असं तोंडावर ऐकवलं. ओळखीवर क्लब चालवणारे गुरू खूप भेटतील, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. मला विचाराल तर खरा कोच तो, जो कॉर्नरला बादली स्वतः उचलतो आणि हरलेल्या पोराबरोबर एसटीने परत येतो.

पण घाबरून जाऊ नका. बरेचसे जज जुने बॉक्सर आहेत, तुटपुंज्या भत्त्यावर दिवसभर प्रामाणिकपणे बसतात. प्रत्येकाला चोर समजून भांडलात तर पोरंही तेच शिकतील आणि हरले की सरावाऐवजी पंचांना शिव्या घालतील. पहिल्या राउंडपासून स्वच्छ, लांबूनही दिसतील असे ठोसे मारायला शिकवा. १०-९ ची, म्हणजे एकाच गुणाच्या फरकाची राउंड कुणाच्याही बाजूने झुकवता येते; जिच्यात जोरदार मार खाल्लेल्या बॉक्सरसाठी पंचाने दोनदा थांबवून आकडे मोजले (काउंट), ती झुकवणं अवघड जातं. प्रत्येक बाउटचं मोबाइलवर सलग शूटिंग करा. हरकत घ्यायची तर लगेच, लेखी, फी भरून आणि पोच घेऊन. दुसऱ्या दिवशी कुणी ऐकून घेत नाही.

आणि पोरांना हे सगळं आधीच सांगून ठेवा, अगदी चौदा-पंधरा वर्षांच्यांनाही. शब्द टाकणारा माणूस तुमच्याकडून नकार मिळाला की थेट त्यांच्याकडे जातो.