वाळवंटातलं मँगनीज: या चुका टाळा

वाळवंटात खनिज मिळालं की ते वाळवंटानेच बनवलं असं धरून चालायचं, ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. दक्षिण आफ्रिकेतलं कलहारी मँगनीज क्षेत्र बघा, जमिनीवरचा जगातला सगळ्यात मोठा साठा. तो साचला समुद्राच्या तळाशी, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, हॉटाझेल फॉर्मेशन नावाच्या खडकांच्या थरसमूहात, पट्टेदार लोहखडकांच्या मधे मधे मँगनीजचे तीन थर. वरची वाळू आणि कॅलक्रीट (चुन्याने घट्ट झालेला थर) त्यामानाने कालपरवाचं. ब्लॅक रॉकची टेकडी सोडली तर थर वर डोकावत सुद्धा नाही, त्यामुळे वरचं बघून खालचा अंदाज बांधू नका, बोअरहोलमधून काढलेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, बघा.

दुसरी चूक म्हणजे काळं दिसलं की पायरोलुसाइट (मँगनीज डायऑक्साइडचं खनिज) लिहून मोकळं होणं. अहो, कलहारीत मुख्य खनिज ब्राउनाइट आहे, आणि त्यात सिलिका असते! मामात्वान प्रकारच्या धातुकात (धातू काढायच्या खडकात) ब्राउनाइटसोबत कुटनाहोराइट, कॅल्साइट अशी कार्बोनेटं असतात आणि मँगनीज साधारण ३८ टक्क्यांपर्यंत. वेसल्स प्रकारात हाउसमनाइट, बिक्सबाइट ही मँगनीजची ऑक्साइड खनिजं वाढतात आणि मँगनीज ४२ च्या वर जातं. हा ग्रेड, म्हणजे मँगनीजचं प्रमाण, का वाढला, तर उन्हापावसाने खडक कुजून नाही, भेगांमधून खालून गरम पाणी फिरलं, त्याने कार्बोनेटं धुऊन नेली आणि मागे ऑक्साइड उरले. म्हणून भारी माल भेगांच्या कडेकडेने मिळतो आणि एकूण साठ्याच्या जेमतेम ३ टक्केच आहे. नकाशावर भेगा न आखता नुसते ग्रेडचे आकडे जोडत बसलात तर सगळं चुकणार.

ओळखायला स्ट्रीक काढा, म्हणजे खनिज खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासून रेघेचा रंग बघा. पायरोलुसाइटची काळी, हाउसमनाइटची तपकिरी, लालसर आली तर हेमटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. कार्बोनेट बघायला ॲसिड टाकलं आणि फसफसलं नाही तर लगेच "नाही" लिहू नका, कुटनाहोराइट थंड ॲसिडला आळशी असतं, आधी पूड करा. आणि ॲसिड पातळच घ्या, तीव्र हायड्रोक्लोरिक मँगनीज डायऑक्साइडवर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत हे अजिबात करायचं नाही.

आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या पोरांना एक खास सांगणं, तुमच्या डोळ्यात गोंडाइट (स्पेसार्टीन या मँगनीजच्या गार्नेटचा आणि क्वार्ट्झचा खडक) बसलेलं असतं, म्हणून कलहारीतही स्पेसार्टीन गार्नेट शोधत बसता. तुमच्याकडचे सौसर गटाचे खडक जबरदस्त तापले-दाबले गेलेत, कलहारीचे फारसे नाहीत. ब्राउनाइट दोन्हीकडे आहे म्हणून गोष्ट एकच होत नाही.

वाळवंटाचं स्वतःचं म्हणावं असं मँगनीज म्हणजे दगडावरचं ते काळं चकचकीत वार्निश, धुळीतून आलेलं आणि मिलिमीटरचा छोटासा अंश इतकंच जाड. ते दिसलं की हातोड्याने दगड फोडा, आतला ताजा भाग फिकट निघाला तर नमुना तिथेच ठेवून पुढे चला.