टीयूआरपीचं कोडिंग : आधी मागची शस्त्रक्रिया बघा

पुण्यात बसून अमेरिकेतल्या युरॉलॉजीच्या (मूत्ररोगांच्या) फायलींचं कोडिंग करताना, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी शस्त्रक्रियेला आणि निदानाला ठरलेला कोड देताना, टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी खरवडण्याची शस्त्रक्रिया) दिसलं की बोटं आपोआप ५२६०१ टाईप करतात. जरा थांबा. ऑपरेशन नोटमध्ये 'रिग्रोथ' (पुन्हा वाढलेला भाग) किंवा 'रेसिड्युअल' (उरलेला भाग) हा शब्द आहे का बघा. प्रोस्टेट आधी एकदा खरवडलेली असेल, तर कोड ५२६३० लागतो. त्याच डॉक्टरांनी पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत उरलेला भाग काढला, तर सोबत मॉडिफायर (कोडला जोडायचा पूरक क्रमांक) ७८ हवा. होलेपला (लेझरने प्रोस्टेटचा वाढलेला भाग सोलून काढण्याला) मात्र ५२६४९. लेझर दिसला म्हणून ५२६४८ लावू नका, ते व्हेपोरायझेशनचं (लेझरने भागाची वाफ करून टाकण्याचं) आहे.

त्याच वेळी केलेली सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय बघणं) वेगळी लावायची नाही, ती आतच धरलेली असते. (हे नवशिक्यांना दहादा सांगावं लागतं!)

निदानात नुसतं एन४०.१ (लघवीच्या तक्रारींसह प्रोस्टेटची वाढ) देऊन उठू नका. लघवी तुंबली असेल तर आर३३.८, रात्री सारखं उठावं लागत असेल तर आर३५.१ जोडा. आणि शक्य असेल तर पॅथॉलॉजी रिपोर्ट येईपर्यंत क्लेम रोखून धरा. खरवडलेल्या तुकड्यांत कॅन्सर निघाला, तर पहिलं निदान सी६१ (प्रोस्टेटचा कॅन्सर) होतं.