वेल्समध्ये शरदातला एक आठवडा: मोठं घर घेऊन सगळ्या गोतावळ्यानं कसं राहावं

घराच्या जाहिरातीत ‘सोळा जणांची सोय’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या सोळात बंक बेडवरचे चार आणि बैठकीतल्या सोफा-कम-बेडवरचे दोन जणही धरलेले असतात. हे आम्हाला पहिल्या वर्षी घरात शिरल्यावर कळलं. पुण्याहून आलेले सासरे तीन रात्री सोफ्यावर झोपले आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही, याचीच आम्हाला जास्त लाज वाटली. त्यानंतर आम्ही दोनदा गेलो, दर वेळी चौदा जण, शाळांच्या ऑक्टोबरअखेरच्या हाफ-टर्म सुट्टीत, मध्य वेल्समधल्या पॉइस परगण्यात. पुढे लिहिलेलं बरंचसं चुका करूनच शिकलेलं आहे.

घर निवडताना

डोंगराचा फोटो शेवटी पाहा, आधी जेवणाचं टेबल पाहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पाचपासून झोपेपर्यंत सगळा गोतावळा घरात, आणि बहुतेक वेळ एकाच खोलीत. त्या खोलीत चौदा खुर्च्या मावतात का, मुलांना लोळायला गालिचा आहे का, हे खिडकीतून दिसणाऱ्या दरीपेक्षा महत्त्वाचं. दरी सहा वाजता दिसतच नाही.

मग मालकांना चार प्रश्न लेखी विचारा. खरे पलंग किती आणि कुठे? तळमजल्यावर न्हाणीघरासकट एखादी खोली आहे का? (जुन्या शेतघरांचे जिने उभे आणि दारं बुटकी असतात, गुडघेदुखीवाल्यांनी तिथे वर-खाली करू नये.) हीटिंगचा खर्च भाड्यातच आहे का? आणि गरम पाणी टाकीतून येतं का? टाकी असेल तर आंघोळीच्या पाळ्या लावाव्या लागतात. ज्येष्ठ आधी, पौगंडावस्थेतली मुलं सर्वांत शेवटी, कारण ती एकदा आत गेली की टाकी रिकामी झाल्यावरच बाहेर येतात.

आरक्षण जानेवारीतच करा. वेगवेगळ्या भागांतल्या शाळांची सुट्टी कधीकधी आठवडाभर मागेपुढे असते, त्यामुळे आधी सगळ्या मुलांच्या तारखा एका कागदावर मांडा. भारतातून कुणी येणार असेल तर वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा पुरतो. पण तो हातात येईपर्यंत रद्द करण्याच्या अटी नीट वाचलेल्या बऱ्या.

पैशांची वाटणी कुटुंबांवर करू नका, खोल्यांवर करा. चार जणांचं कुटुंब आणि एकटा चुलतभाऊ यांना सारखी रक्कम लावली की कुरबुर ठरलेली.

स्वयंपाकघर

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. पुष्कळ घरांत इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. स्टीलचा, इंडक्शनला चालणारा कुकर न्या आणि तवाही लोहचुंबक लावून तपासा. दुसरी शक्यता म्हणजे आगा: बिडाची, कायम तापलेली भलीमोठी चूल. १९१२ सालचे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते गुस्ताफ डालेन यांनी स्फोटात दृष्टी गेल्यावर घरी असताना तिची रचना केली. तिला बटणं जवळजवळ नसतातच. दोन जाड झाकणांखाली दोन तबकड्या असतात, एक कडक तापलेली, एक मंद. मंद तबकडी पुसून घेऊन पोळ्या थेट तिच्यावर भाजता येतात. भात उकळी आल्यावर खालच्या मंद भट्टीत सरकवून द्यायचा. झाकणं मात्र उघडी ठेवू नका, नाहीतर चूल निवत जाते आणि संध्याकाळचं वरण शिजता शिजत नाही.

फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार लावा आणि खिडकी उघडा. आमच्याकडे सुक्या मिरचीनं पहिल्याच सकाळी अख्ख्या घराचा धुराचा अलार्म वाजवला आणि झोपलेली सगळी मुलं अंगणात आली. दिवाळी त्या सुमारास येत असेल तर पणत्या दगडी उंबऱ्याबाहेर लावा. फटाके नकोतच, कुंपणापलीकडे मेंढ्या असतात. तळणीचं तेल मोरीत ओतू नका. खेडेगावातल्या घरांना बहुधा सेप्टिक टाकी असते.

कढीपत्ता, पोहे, गोडा मसाला निघतानाच बरोबर घ्या. जवळच्या गावात दूध, भाज्या, उत्तम चीज सगळं मिळतं, हे मिळत नाही. आणि चहाचं गाळणं घ्या. सोळा वाइन ग्लास असलेल्या घरातही ते नसतं.

स्वयंपाकाच्या पाळ्या जोडीनं लावा, आणि प्रत्येक जोडी वेगळ्या कुटुंबातली ठेवा. जावयांनाही पाळी आहे, हे निघण्यापूर्वीच सांगून टाका.

रस्ता

लंडनच्या बाजूनं आलात तर सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडून वेल्समध्ये शिरता. तिथला टोल डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाला. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. रस्त्यावर पांढऱ्या रंगात एक वेल्श शब्द पुन्हा पुन्हा दिसेल. त्याचा उच्चार साधारण ‘आरव’ आणि अर्थ ‘हळू’. आमच्या गाडीत त्या नावाचा भाचा होता, त्यामुळे ही सूचना कुणी विसरलं नाही.

उजेड असेपर्यंत पोहोचा. शेवटचे दोन-तीन मैल एकाच गाडीपुरती वाट असते, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावं लागतं. पिनकोडवर विसंबू नका, एकाच पिनकोडात चार शेतं असू शकतात. मालकांनी पाठवलेल्या खाणाखुणा छापून ठेवा, कारण सिग्नल नेमका तिथेच जातो.

दिवसभर काय

रोज एकच ठिकाण. साडेनऊला निघा, चारला परत या.

पाऊस पडत असेल तर एलन व्हॅली. बर्मिंगहॅमला पाणी पुरवण्यासाठी बांधलेली ही धरणं १९०४ साली सुरू झाली आणि आजही ते पाणी केवळ उतारानं ७३ मैल वाहत जातं. पावसानं तलाव भरले की दगडी भिंतींवरून पाणी कोसळतं, भोवती तांबूस झालेलं नेचं आणि पिवळे ओक. तिथे मला पहिल्यांदा वेल्समधल्या पावसाचा राग आला नाही. जवळच रेयाडरला गिग्रिन फार्मवर शेकडो लाल घारी खाण्यासाठी झेपावतात. वेळ उन्हाळ्यात तीनची, हिवाळ्यात दोनची, कारण घारींनी घड्याळ मागे केलेलं नसतं. आम्ही नेमके बदलाच्या आठवड्यात तासभर उशिरा पोहोचलो.

वाचणाऱ्यांना हे-ऑन-वायला सोडा. जुन्या पुस्तकांच्या या गावात दुकानदार रिचर्ड बूथ यांनी १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला राजा घोषित केलं होतं. महाबळेश्वरजवळचं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं ते याच गावावरून सुचून. सासऱ्यांनी भिलार पाहिलेलं होतं, त्यामुळे त्या दिवशी मार्गदर्शक तेच.

बिग पिट या कोळशाच्या खाणीत ९० मीटर खाली पिंजऱ्यातून उतरता येतं. मोबाइल आणि बॅटरीवरची घड्याळं वर जमा करावी लागतात, आणि एक मीटरहून कमी उंचीच्या मुलांना खाली नेत नाहीत. पेन-अ-व्हॅन हा ८८६ मीटरचा डोंगर कळसूबाईच्या निम्म्याहून थोडाच उंच आहे, पण वरच्या वाऱ्याला कमी लेखू नका. स्वच्छ सकाळ मिळाली तरच जा.

रात्री ढग नसतील तर दिवे मालवून सगळ्यांना बाहेर काढा. बनाय ब्रखैनियॉग हे राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पूर्वीचं ब्रेकन बीकन्स, २०१३ पासून रात्रीच्या काळोख्या आकाशासाठी राखीव प्रदेश आहे. आकाशगंगा दाखवायला बोट करावं लागत नाही.

निघताना

घर बहुधा सकाळी दहाला रिकामं करायचं असतं. आदल्या रात्रीच कचरा वेगळा करा: उरलेलं अन्न, काच, कागद आणि प्लास्टिक-डबे, प्रत्येकाला वेगळा डबा. वेल्समध्ये याबाबत हयगय चालत नाही. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. शेवटी स्वयंपाकघरातले खण एकदा उघडून बघा. आमचं चहाचं गाळणं अजून तिथेच आहे.