गल्ली कमिटीनं टाळायच्या चुका: तोंडी तक्रार, चढत जाणारा रस्ता, एकाच्या नावचं खातं

बेळगावात गणपतीचा मंडप घालायचा म्हटलं की अख्खी गल्ली रात्र जागवते. वर्गणी, लायटिंग, मूर्ती, ट्रॅक्टर, सगळं वेळेवर होतं. मग त्याच गल्लीला गटार तुंबल्यावर एक पानी अर्ज का जमत नाही? उत्साही पोरं नवीन कमिटी करतात, पहिल्या महिन्यात ग्रुपवर शंभर फोटो टाकतात आणि तिसऱ्या महिन्यात ‘इथं काही होत नाही’ म्हणून कट्ट्यावर बसतात. होत नाही याचं कारण बहुतेक वेळा खालच्यापैकीच एक असतं.

‘सांगितलंय की नगरसेवकांना’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गटार तुंबलं की फोन जातो, ‘माणसं पाठवतो’ असं उत्तर येतं आणि पंच खूश. दोन दिवसांनी माणसं येतात, गाळ उपसून गटाराच्या काठावरच टाकतात, आणि पहिल्याच वळवानं तो परत आत जातो. कागदावर यातलं काहीच घडलेलं नसतं.

बाजारपेठेतल्या एका गल्लीत दर पावसाळ्यात चार घरांत पाणी शिरायचं आणि दर पावसाळ्यात फोन व्हायचे. पुढं काँक्रीट रस्ता मंजूर झाला, पण अंदाजपत्रकात गटाराचं नावच नाही. माहिती हक्काखाली विचारलं, मागच्या पाच वर्षांत या गल्लीतून गटाराच्या तक्रारी किती? उत्तर आलं, एकही नाही. आणि ते उत्तर खरं होतं. सगळे फोन हवेत गेले होते. रस्ता जुन्या डांबरावरच ओतला, तो वर आला, आणि त्या पावसात चारऐवजी अकरा घरांत पाणी. मग मोर्चा, पेपरात फोटो, सगळं झालं. काँक्रीट ओतून झाल्यावर मोर्चाचा उपयोग काय?

माझी पद्धत अशी. एका अर्जात एकच तक्रार, एकच पान. त्यात घर क्रमांक ‘इथून तिथपर्यंत’, गटाराची लांबी फुटांत, तारखेचा फोटो, पाच-सहा घरांच्या सह्या. दोन प्रती न्यायच्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. क्रमांक नसलेली पोच म्हणजे रद्दी. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक लिहून स्मरणपत्र. तरी हालचाल नाही तर माहिती हक्काचा अर्ज: फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, ते आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. कर्नाटकाच्या नियमात हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. आपल्याकडं काही जण अर्जाची सुरुवात 1956 च्या सीमाप्रश्नापासून करतात. अशानं गटारापर्यंत पोचायच्या आधीच शब्द संपतात.

मराठीत अर्ज घेत नाहीत, हे गाऱ्हाणं खोटं नाही. घटनेच्या कलम 350 प्रमाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे. उत्तर त्याच भाषेत मिळेल असं मात्र ते कलम म्हणत नाही. म्हणून मराठी अर्ज वर आणि त्याचीच कन्नड प्रत खाली, एकाच पिनेत. फाइल पुढं ज्या टेबलांवर फिरते तिथं कन्नडच वाचलं जातं. हक्कासाठी भांडायचं तर जरूर भांडा, पण त्याचं निवेदन वेगळं द्या. गटाराची फाइल त्यात अडकवू नका.

चुकीच्या दारात तक्रार

रस्त्यावरचा दिवा गेला की सगळे हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, शिव्या देतात. खांब आणि तार हेस्कॉमची, पण दिवा बदलायचं काम महापालिकेचं. घरातली वीज गेली, तार लोंबतेय, ठिणग्या पडताहेत, तर 1912 वर फोन करा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दोन्ही वेळा खांबावर रंगवलेला नंबर सांगा. ‘मारुतीच्या देवळाजवळचा’ असं म्हटलं तर शहरात तशी देवळं डझनभर निघतील. कॅम्पातलं काम असेल तर महापालिकेत जाऊन उपयोग नाही, तो भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे आहेत. आधी रस्ता कुणाचा ते विचारा, मग अर्जावर ‘प्रति’ लिहा.

रस्ता झाला, उंबरा बुडाला

नवा रस्ता म्हटलं की नारळ फोडायची घाई. डांबराचा एक थर साधारण दीड-दोन इंचांचा. जुना थर न खरवडता असे चार थर चढले की रस्ता सहा-आठ इंच वर येतो आणि जुन्या घरांचे उंबरे खाली राहतात. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची टेपनं मोजून वहीत लिहा, फोटो काढा, आणि ‘जुना थर खरवडून मगच नवा घालावा’ असा अर्ज द्या. ठेकेदाराच्या माणसाशी तोंडी बोलून काही होत नाही; अंदाजपत्रकात खरवडण्याची बाब नसेल तर तो पदरचे पैसे घालणार नाही.

गटारावरच्या फरशा हा दुसरा छळ. दुकानदार दारापुढचं गटार सिमेंटनं कायमचं बंद करतात. मग तुंबलं कुठं ते कळतच नाही. फरशी हवीच असेल तर दोन फूट रुंदीचे सुटे तुकडे, उचलायला लोखंडी कडी, खाली सिमेंट अजिबात नाही.

नळाची बारीक पाइप गटारातून गेली असेल तर तीही याच वेळी वर काढून घ्या. नळ दिवसाआड येतो तिथं पाणी बंद झाल्यावर पाइप रिकामी होते आणि गंजलेल्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पहिलं पाच मिनिटांचं पाणी सोडून द्या. क्लोरीन तपासायची छोटी किट गल्लीत एक तरी असावी. नळाच्या टोकाला लिटरमागं किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. शून्य आलं की वेळ आणि घर क्रमांक लिहून लगेच अर्ज.

खजिनदाराचा फोन हीच बँक

वर्गणी खजिनदाराच्या खासगी नंबरवर यूपीआयनं घ्यायची, हा अलीकडचा आळस. माणूस प्रामाणिक असला तरी त्याच्या घरखर्चात गल्लीचे पैसे मिसळतात, आणि संशय एकदा आला की पुढच्या वर्षी निम्मी घरं दार उघडत नाहीत. म्हणून कमिटीची सोसायटी म्हणून नोंदणी करा; ती 1960 च्या कर्नाटक कायद्याखाली होते, त्याला सात सभासद पुरतात. मग संस्थेच्या नावचं पॅन, खातं आणि दोघांच्या सहीनं व्यवहार. त्यानंतर दरवर्षी सभा, हिशेब आणि कमिटीची यादी दाखल करावी लागते. नोंदणी करून विसरणाऱ्या कमिट्याच जास्त. पावतीपुस्तकाला छापील क्रमांक हवेत, आणि रद्द पावती फाडायची नाही, पुस्तकातच ठेवायची. उत्सवाची वर्गणी आणि गल्लीकामाची पट्टी वेगळी ठेवा. विसर्जनानंतर दहा दिवसांत हिशेब देवळाच्या फळ्यावर लागला पाहिजे, ग्रुपवर नाही.

थोडक्यात संपणाऱ्या चुका

मंडपासाठी नव्या रस्त्यात खड्डे पाडू नका. वाळू भरलेल्या पिंपात खांब उभे राहतात. एका बाजूला अँब्युलन्सला दहा-बारा फूट मोकळे सोडा.

मूर्ती ठरवण्याआधी गल्लीपासून विसर्जनाच्या कपिलेश्वर तलावापर्यंतच्या सगळ्यात खालच्या वायरीची उंची मोजा आणि त्यातून ट्रॉलीची उंची वजा करा. रस्ता ओलांडणारी कमी दाबाची वीजतार नियमानं 5.8 मीटरवर असते, पण केबलवाल्यांच्या वायरी कुठलाच नियम पाळत नाहीत. बांबूनं तारा उचलणारं पोरगं मिरवणुकीत दिसलं की समजावं, कमिटीनं मोजलं नव्हतं.

रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. सवलत असेल तर ती कागदावर बघा, ‘साहेब बोललेत’ यावर नाही.

फेरीवाल्यांना परस्पर हुसकावू नका. 2014 च्या कायद्याखाली त्यांच्यासाठी वेगळी समिती असते, अर्ज तिथं.

बैठक रात्री दहाला कट्ट्यावर घेतली तर बायका येणार नाहीत, आणि नळ किती वाजता आला नि किती वाजता गेला हे नेमकं त्यांनाच माहीत असतं. संध्याकाळी सहाला देवळात घ्या.

नालासफाईचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या. ‘गाळ उचलून नेणे’ हे शब्द त्यात वेगळे लिहा, नाहीतर उपसलेला गाळ काठावरच राहतो. जूनमध्ये पाऊस लागल्यावर दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या यादीत जातो.