जुन्या एमएम 540 जीपमध्ये टर्बो इंजिन बसवताना

आमच्या दर्यापूर भागात एमएम 540 जीप अजून कितीतरी अंगणांत उभी आहे. चेसिस ठणठणीत, पाटे शाबूत, पण आतलं प्यूजो इंजिन दमलेलं. ते पुन्हा बोअर करून घेण्यापेक्षा महिंद्राचंच बोलेरोमधलं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं) टर्बो इंजिन बसवा, असं मी विचारायला येणाऱ्याला सांगतो. जुनं एक्सडीपी 4.90 इंजिन 2112 सीसीचं, 62 च्या आसपास अश्वशक्तीचं, आणि ती ताकद ते 4500 आरपीएमला देतं. बोलेरोचं 2523 सीसी टर्बो कागदावर जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीचं आहे, पण 3200 आरपीएमला. फरक ओढीत, म्हणजे टॉर्कमध्ये, आहे. जुन्याची ओढ 120 न्यूटन मीटरच्या आसपास, नव्याची 180, आणि तीही 1500 आरपीएमच्या आगेमागे मिळते. पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या पांदणीत चाक जोरात फिरवलं की गाडी आणखी रुतते. हळू फिरणारं, दाबून ओढणारं इंजिनच तिथून गाडी काढतं.

नवी कॉमन रेल इंजिनं, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरने (ईसीयूने) सोडणारी, तीही भंगारात मिळतात. घरी करायच्या कामासाठी मी ती सुचवत नाही. वायरिंग, सेन्सर, ईसीयू सगळं सोबत आणावं लागतं आणि शेतात बंद पडली तर पान्याने काही होत नाही. यांत्रिक पंपाचं डीआय इंजिन गावातला ट्रॅक्टर मिस्त्रीही उघडू शकतो.

इंजिन शोधण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ नमुन्यापासून फारकत घेणाऱ्या बदलांवर कडक भूमिका घेतली आहे. त्यामुळे लेखी अर्ज करा, लेखी उत्तर घ्या आणि मंजुरी मिळाली तरच पैसे खर्च करा. नाही म्हणाले तर जुनंच इंजिन नीट बांधून घ्या. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. कागद देत नसेल तर इंजिन कितीही स्वस्त असो, सोडून द्या. बदल झाल्यावर नवा नंबर आरसीवर चढवायचा आणि विमा कंपनीलाही कळवायचं. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्या वेळी तपासणीत इंजिन नंबर पाहतातच.

इंजिन घेताना ते जमिनीवर ठेवून चालू करून दाखवा म्हणावं, आणि सकाळी थंड असताना. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळेच दाखवतात. चालू असताना तेल भरायचं झाकण काढून पाहा. तिथून धूर भकाभका येत असेल तर रिंगा गेल्या. मग इंजिन बंद करा, टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) थंड होऊ द्या आणि हवेच्या बाजूचा होज काढा. पात्यांची टोकं चघळल्यासारखी दिसली तर त्या टर्बोने धूळ खाल्ली आहे. शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. वर-खाली अगदी किंचित हलणं चालतं, कारण तो तेलाच्या थरावरच तरंगतो. पण पातं घराला घासत असेल, किंवा शाफ्ट मागे-पुढे सरकलेला हाताला सहज जाणवत असेल, तर टर्बोच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा.

एकाच गाडीतून जेवढं निघेल तेवढं सगळं घ्या: फ्लायव्हील, क्लच, बेल हौसिंग, गिअरबॉक्स, सेल्फ, व्हॅक्यूम पंपासकट अल्टरनेटर, फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर बसतं तिथले) रबर, टर्बोच्या तेलाच्या दोन्ही नळ्या, एअर फिल्टरचा डबा, रेडिएटर आणि त्याचे होज. एक एक वस्तू नंतर शोधायला गेलं की पैसा आणि हंगाम दोन्ही जातात. जीप फोर बाय फोर असेल तर टू-व्हील बोलेरोचा गिअरबॉक्स जुळत नाही. डीआय इंजिनाच्या फोर बाय फोर गाडीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांकडेही ताकद नेणारी पेटी) जोडीने शोधा. पुढच्या शाफ्टचं तोंड ज्या बाजूला निघतं, पुढच्या हौसिंगचं (अॅक्सलचं) डिफरन्शियल त्याच बाजूला आहे ना, हे टेप लावून पाहा. हे जुळलं नाही तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही.

आता मी ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते गिअरचं गणित. बहुतेक जण इथे घाई करतात. जुन्या जीपचं क्राउन-पिनियन (हौसिंगमधली, चाकं फिरवणारी दातांची जोडी) 5.38 चं असतं, म्हणजे क्राउनला 43 दात आणि पिनियनला 8. मागचं झाकण उघडून स्वतः मोजा, कारण इतक्या वर्षांत कोणी बदललेलंही असू शकतं. 6.00-16 चा टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातो. टॉप गिअर सरळ (1:1) असेल तर 3200 भागिले 5.38 म्हणजे चाकाचे मिनिटाला 595 फेरे, म्हणजे तासाला 78 किलोमीटर. इंजिन तिथे संपलं. जुनं प्यूजो 4500 पर्यंत फिरायचं म्हणून याच दातांवर ते 110 पर्यंत पोचायचं. म्हणून इंजिन बदलून दात तसेच ठेवले की लोक म्हणतात, "टर्बो बसवला पण गाडी पयतच नाही." दोष इंजिनाचा नसतो.

यावर दोन वाटा. 4.88 चं क्राउन-पिनियन घातलं तर 86-87, आणि 4.3 चं घातलं तर 98 किलोमीटर. पण फोर बाय फोरमध्ये पुढचं आणि मागचं दोन्ही हौसिंग एकाच प्रमाणाचं लागतं. एकच बदललं तर फोर बाय फोर लावताच शाफ्ट पिळले जातात आणि काहीतरी तुटतं. दुसरी वाट मला आवडते. पाचवा गिअर 0.8 च्या जवळपासचा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा) असेल असा गिअरबॉक्स घ्यायचा आणि 5.38 तसंच ठेवायचं. पाचव्यात तेवढाच 98 चा वेग मिळतो, आणि खालच्या गिअरमध्ये कापसाची गाठोडी भरून पांदणीतून निघायला लागणारी ओढ जशीच्या तशी राहते. शेतीच्या जीपसाठी हेच करा.

जुनं इंजिन उतरवण्याआधी मापं लिहून ठेवा: पंख्यापासून रेडिएटरपर्यंत, बेल हौसिंगपासून फायरवॉलपर्यंत, चेंबरपासून (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यापासून) पुढच्या हौसिंगपर्यंत. लिंबाच्या फांदीला चेनपुली टांगून इंजिन उचलायचा मोह टाळा. डीआय इंजिन ओतीव लोखंडाचं, अंगाने जड आहे. बोअरची मोटार काढणाऱ्यांकडे लोखंडी तिवई आणि एक टनाची चेनपुली असते, ती भाड्याने आणा. लटकत्या इंजिनाखाली हातही घालू नका.

नवीन इंजिन आत उतरवून लाकडी ठोकळ्यांवर बसवा आणि जागा पक्की करा. मागच्या बाजूला किंचित उतार हवा. चेंबर आणि पुढच्या हौसिंगमधलं अंतर जीप उभी असताना भरपूर वाटतं, पण खड्ड्यात हौसिंग रबरी स्टॉपपर्यंत वर येतं. जॅक लावून हौसिंग तिथपर्यंत उचला, मग अंतर पाहा. चेंबर लागत असेल तर इंजिन मागे किंवा वर घ्या, स्टॉप कापू नका. फाउंडेशनच्या पट्ट्यांना आधी नुसते टाके मारा. गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सायलेन्सर, बोनेट सगळं बसतंय हे पाहिल्यावरच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा. लाइट कमीजास्त असताना वेल्डिंग तळापर्यंत नीट धरत नाही, म्हणून हे काम व्होल्टेज स्थिर असेल त्या वेळेला ठेवा. शाफ्ट लहान-मोठा करायचा तो खरादीकडूनच, आणि बॅलन्स करून. जास्त वजनाने पुढचे पाटे बसले तर एक पान वाढवा.

टर्बोचा जीव तेलात आहे. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो आणि त्याला फक्त तेलाचा आधार असतो. तेल आत नेणारी नळी स्वच्छ हवी, आणि तिच्या जोडावर सिलिकॉन लावायचं नाही. त्याचा एक तुकडा सुटला तर तेलाची वाट बंद. परत येणारी नळी त्याहून महत्त्वाची. ती जाड असावी, सरळ उतरती असावी, मध्ये कुठे झोळ नको, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उतरावी. ती तुंबली की तेल टर्बोच्या सीलमधून बाहेर येतं, सायलेन्सर निळा धूर सोडतो आणि मिस्त्री चांगला टर्बो बदलून देतो. इंजिनाचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला तरी हाच आजार दिसतो. तेल 15डब्ल्यू-40, डिझेल टर्बोसाठीचं, सीएच-4 किंवा त्यावरच्या दर्जाचं.

आता उष्णता. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश ही नेहमीची गोष्ट आहे. रेडिएटर बोलेरोचाच बसवा. जागा नसेल तर जुन्याच्या मापात एक रो (नळ्यांची रांग) वाढवून घ्या आणि पंख्याभोवती शेराउड (हवा वळवणारं कडं) लावाच, नाहीतर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. "थर्मोस्टॅट काढून टाकू काय भाऊ, उन्हाळ्यात कायले पायजे?" असं प्रत्येक जण विचारतो. काढू नका. तो नसला की हिवाळ्यात इंजिन तापतच नाही, तेलात पाणी साचतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. आणि पाणी! पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा आपला खारपाण पट्टा, बोअरचं पाणी जिभेलाच खारट लागतं. ते रेडिएटरमध्ये गेलं तर नळ्या खपल्यांनी भरतात आणि हेड कुजतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढंच. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीवर रुई चिकटून बसते. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर हवा मारून ती काढायची. सायलेन्सरच्या नळीला पत्र्याचा आडोसा करा आणि डिझेलच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरी टर्बोपासून लांब न्या.

एअर फिल्टर बोलेरोचाच, कागदी. फिल्टर ते टर्बो हा होज कुठेही चिरलेला नको. तिथून शिरलेली धूळ थेट पात्यांवर जाते. बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या दाबाचा) स्क्रू पिळून "जोर वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

ब्रेकला बूस्टर नसेल तर बसवा. अल्टरनेटरमागच्या व्हॅक्यूम पंपाची नळी त्याला लागते. जास्त ओढ असलेल्या गाडीला जुने ब्रेक ठेवून रस्त्यावर नेणं मला मान्य नाही.

पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं तेल ओता, स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल ओढून धरा आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारा, मध्ये मध्ये सेल्फला विश्रांती देत. मगच डिझेल सोडा. फिल्टरचा होज त्या दिवशी काढलेला ठेवा आणि एक सपाट जाड फळी हाताशी ठेवा. सील फुटून इंजिन स्वतःचंच तेल पिऊन सुसाट सुटलं तर चावीने ते बंद होत नाही, हवेचं तोंड फळीने दाबून बंद करावं लागतं. तिथे हात किंवा फडका कधीच लावू नका. सगळं ठीक असेल तर दहा-पंधरा मिनिटं संथ चालवा, गळती पाहा, मग होज बसवा.

पहिले काही दिवस गावातच फिरवा. नंतर परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात न्या, दोन-तीन माणसं बसवून. चढात तापमानाचा काटा कुठे थांबतो ते पाहा. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. दोन मिनिटं संथ चालू द्या, म्हणजे टर्बोतलं तेल आत जळून बसणार नाही. ही सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लावा. घाटातून आल्यावर फाउंडेशनचे, शाफ्टचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि 500 किलोमीटरला तेल व फिल्टर दोन्ही बदला.