चालत्या अ‍ॅपचा डेटाबेस कसा बदलायचा: मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्र्याच्या आडतीचं अ‍ॅप मी सांभाळतो, आवक, भाव, शेतकऱ्याची पट्टी (म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब) सगळं त्यातच. क्लाउडवरच्या मायएसक्यूएलवरून ते पोस्टग्रेसवर नेलं, ते कसं ते सांगून राहिलो.

आधी तारीख ठरवा. आंबिया बहाराचा माल उतरून राहिला असताना हात लावायचा नाही बाप्पा, आम्ही मे महिना धरला, बाहेर ऊन अन् मार्केट थंड.

मग जुन्या डेटाबेसच्या कॉपीवर तालीम करा, खऱ्यावर नाही. पीजीलोडर नावाचं फुकट टूल आहे, टेबलं, इंडेक्स, डेटा एकाच कमांडमध्ये उचलतं, ०००० वाल्या तारखा पोस्टग्रेस घेत नाही त्या रिकाम्या करून टाकतं, सिक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी नंबर देणारा काउंटर, तोही पुढे सरकवतं. तुम्ही डेटा सीएसव्ही फाइलने भरत असाल तर सिक्वेन्स स्वतः सेट करा, नाहीतर पहिल्याच नव्या पट्टीला आयडी १ मिळतो अन् डुप्लिकेट की म्हणून एरर.

आता जिथे आम्ही आपटलो ते. मायएसक्यूएल साध्या सेटिंगमध्ये कॅपिटल-स्मॉल एकच धरतं, पोस्टग्रेस धरत नाही. तिसऱ्या दिवशी एका अडत्याचा फोन, "भाऊ, पासवर्ड तोच आहे, मंग घेऊन काऊन नाही राहिलं?" मोबाईलचा कीबोर्ड ईमेलचं पहिलं अक्षर कॅपिटल करत होता, बस एवढंच, अन् तोवर दोघातिघांनी वैतागून नवीन अकाउंटही काढले होते, ते जोडता जोडता माझा अख्खा रविवार गेला. म्हणून ईमेल दोन्हीकडून लोअर, म्हणजे स्मॉल अक्षरात, करून तपासा, एकच ईमेल दोनदा न घेणारा युनिक इंडेक्सही लोअरवरच टाका, अन् सर्चमध्ये लाइकच्या जागी आयलाइक, ते कॅपिटल-स्मॉल बघत नाही.

खरी बदली रात्री करायची. अ‍ॅप फक्त-वाचा मोडवर टाका, शेवटची कॉपी घेऊन पोस्टग्रेसमध्ये चढवा, मग दोन्हीकडच्या ओळी मोजा, पण नुसत्या ओळींवर जाऊ नका, पट्ट्यांच्या रकमेची महिनावार बेरीज लावून बघा, आम्हाला तीच कामी आली. जुळलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगमधला, डेटाबेसचा पत्ता बदला, रीस्टार्ट, एक खोटी पट्टी बनवा अन् उडवा.

मागे फिरायचं तर ते इथेच ठरवा. लोकांसाठी उघडलं की नवीन पट्ट्या पोस्टग्रेसमध्येच पडतात, जुन्यात नसतात, मग परत जाणं म्हणजे त्या हाताने चढवणं. जुना डेटाबेस तरी महिनाभर ठेवा, बिल येतं, येऊ द्या.