पितळी पुंगळ्या साफ करताना या चुका टाळा

झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी स्वच्छ हव्यातच, कारण काजळी आणि खडे पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्याला ओरखडे पाडतात. चकाकी मात्र दिसण्यापुरती असते. पुंगळ्या बिघडतात त्या बहुतेक वेळा या चकाकीच्या हव्यासानेच.

सर्वांत घातक चूक म्हणजे अमोनिया असलेलं पॉलिश. पुंगळीचं पितळ साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताचं असतं. ते थंड अवस्थेत ओढून घडवलेलं असल्याने त्यात ताण शिल्लक राहतो. अमोनिया अशा ताणलेल्या पितळाला कणाकणांच्या सांध्यांतून तडे पाडतो. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने अशीच तडकत. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर ते पॉलिश वापरूच नका.

पुंगळ्या गुलाबी झाल्या? आम्ल जास्त पडलं किंवा फार वेळ राहिलं, जस्त निघून गेलं आणि पृष्ठभागावर तांबं उरलं. ओल्या टंबलरमध्ये (पुंगळ्या पाण्यात घोळवणाऱ्या फिरत्या पिंपात) 4 लिटर पाण्याला पाव चहाचा चमचा सायट्रिक आम्ल आणि एक मोठा चमचा भांड्यांचा पातळ साबण पुरतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घालणं टाळाच. स्टीलच्या पिनांसह दोन-तीन तास फिरवलं की काम होतं. त्यापुढे पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाच्या कडा ठेचल्या जातात. आधी जुने प्रायमर (बुडात बसवलेल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) काढा, नाहीतर त्यांच्या खाचा मळक्याच राहतात आणि आत पाणी अडकतं. नंतर प्रत्येक पुंगळी उलटी करून झटका आणि उजेडात आत पाहा. पिना बुडातल्या भोकात जोडीने रुततात.

सुक्या पद्धतीत मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा वापरतात. भुग्याचे कण भोकात अडकतात, म्हणून बारीक भुगा घ्या आणि प्रायमर काढलेल्या पुंगळ्यांची भोकं तपासा. खरी काळजी धुळीची घ्यायला हवी. प्रायमरच्या अवशेषांत शिसं असतं आणि झाकण उघडताच ते हवेत उडतं. टंबलर घराबाहेर चालवा, मास्क लावा, कागदी रुमालाचे तुकडे भुग्यात टाकून धूळ धरा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. स्वयंपाकाची भांडी या कामाला कधीच घेऊ नका.

वाळवण्याची घाईही नडते. 80 ते 90 अंश सेल्सिअसची भट्टी पुरेशी आहे. ज्योतीवर धरलं तर बूड मऊ पडतं, आणि दाब झेलायचा असतो तो बुडानेच. अशी पुंगळी फेकून द्या.

पितळ स्वच्छ झालं की तपासणी सोपी होते. बुडाच्या थोडं वर चमकदार वलय दिसलं तर टोक वाकवलेली तार आतून फिरवा. खाच लागली तर भिंत तिथे पातळ झाली आहे आणि ती पुंगळी पुन्हा भरू नये.